टॉवेलचं बाळ

लसीकरणाच्या खोलीत दर बुधवारी अकरा वाजता सिस्टर एका टॉवेलचं बाळ करायच्या. आधी दोन घड्या, मग घट्ट गुंडाळी, एका टोकाला रबरबँड लावला की डोकं तयार. ते बाळ डाव्या हातावर पालथं घालून, डोकं खाली झुकवून, त्या समोरच्या बाकांवर बसलेल्या आयांना सांगायच्या, "वर्षाच्या आतलं मूल. घशात काहीतरी अडकलंय. रडत नाही, खोकत नाही, आवाज फुटत नाही, नुसतं तोंड उघडतंय. अशा वेळी कुणाला तरी मोठ्यानं हाक मारायची, डॉक्टरांना फोन करायला सांगायचं, आणि आपण लगेच कामाला लागायचं. तळहाताचा मनगटाजवळचा जाड भाग असतो ना, त्यानं दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाच फटके. नाही निघालं, तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर दोन बोटांनी पाच वेळा दाबायचं. परत पाच फटके. तोंडात बोट घालून चाचपडायचं नाही, अडकलेलं आणखी आत जातं."

आया ऐकायच्या आणि हसायच्या. टॉवेलला बडवताना कुणाला हसू येणार नाही? एकीनं तर पहिल्याच फटक्यानंतर टॉवेलला "लागलं का रे सोन्या?" असं विचारलं. त्यावर अख्खा वर्ग पाच मिनिटं खिदळत होता. सिस्टरांना त्या पाच मिनिटांत खोलीतली एकूण एक गोष्ट भिंतीवर आपटावीशी वाटत होती.

कारण खरी बाहुली त्याच इमारतीत होती, लसीकरणाच्या खोलीपासून तीस पावलांवर. सिस्टरांनी पावलं मोजली होती.

ही बाहुली म्हणजे खेळणं नव्हे. आठ-दहा महिन्यांच्या मुलाएवढी, तेवढ्याच वजनाची, तशीच मान टाकणारी. तिच्या घशात वाटाण्याएवढा रबरी गोळा बसवायचा आणि पाठीवर फटके मारायचे. जोर बरोबर लागला की गोळा टुणकन बाहेर. कमी पडला की गोळा जागच्या जागी. ज्यानं एकदा तिच्या घशातून गोळा काढला, त्याच्या हाताला तो जोर जन्मभर आठवणार, असं तिच्यासोबत आलेल्या कागदावर लिहिलं होतं आणि सिस्टरांचा त्यावर विश्वास होता.

अठरा महिन्यांपूर्वी ती आली तेव्हा मोठा समारंभ झाला. पाहुणे आले, भाषणं झाली. पाहुण्यांनी बाहुली हातावर घेऊन तिच्या पाठीवर पाच चापट्या मारल्या, त्याही अशा की झोपलेली माशी उठली नसती. गोळा काही बाहेर आला नाही, पण टाळ्या वाजल्या. मग फोटोवाल्यानं बाहुली सिस्टरांच्या हातात दिली आणि "जरा हसा" म्हणाला. सिस्टर हसल्या. त्यानंतर बाहुली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात गेली, आणि तिथंच राहिली. तपासणीला कुणी आलं की काचेतून दिसायची.

कपाटाची किल्ली भांडार सांभाळणाऱ्या साहेबांकडे होती. त्यांना सगळे पाठीमागे कुलूपराव म्हणायचे. त्यांच्या कमरेला इतक्या किल्ल्या असायच्या की ते येण्याआधी त्यांचा आवाज यायचा. माणूस वाईट नव्हता, हे सिस्टरांनाही मान्य होतं. फार वर्षांपूर्वी त्यांनी बाळांचा एक वजनकाटा असाच कुणाला तरी विश्वासानं दिला होता. तो मोडून आला, आणि पुढची दोन वर्षं बिचारे खुलासे लिहीत बसले. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. कुलूपराव तेव्हापासून पाणीसुद्धा फुंकून प्यायचे.

सिस्टरांनी पहिल्यांदा मोठ्या डॉक्टरांना तोंडी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "अहो, घ्या की! तुमच्यासाठीच तर आणलीय. फक्त भांडारात सांगा." भांडारात सांगितलं. कुलूपराव म्हणाले, "लेखी आणा." लेखी नेलं. "यात जबाबदारी कुणाची ते नाही." जबाबदारी माझी, असं लिहून नेलं. "बाहुली वापरायची नोंदवही कुठाय?" नोंदवही आखून नेली. "अशी हातानं आखलेली चालत नाही. नमुना वरून मंजूर होऊन यायला हवा." नमुना वर गेला. वर गेलेली वस्तू खाली येते हा नियम दगडांना लागू असतो, कागदांना नाही. आणि समजा सगळं जुळून आलं असतं, तरी केबिन उघडी असायची फक्त बुधवारी सकाळी, आणि बुधवारी सकाळी कुलूपराव मुख्य कार्यालयात सामान आणायला गेलेले असायचे. केबिनची किल्ली आणि कपाटाची किल्ली या दोघी जणी एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या.

सिस्टरांचे सात अर्ज झाले. त्या घरी नवऱ्याला म्हणायच्या, "कागदी घोडे नाचवण्याची शर्यत असती ना, तर आमचं केंद्र पहिलं आलं असतं."

नवरा म्हणायचा, "सोड ना. टॉवेलवर शिकतायत ना बायका?"

"टॉवेल शिकतोय," सिस्टर म्हणायच्या. "बायका हसतायत."

त्यातच पुस्तिका आली. 'घर आणि मूल : पालकांसाठी सुरक्षिततेची माहिती', बत्तीस पानं, गुळगुळीत कागद. औषधं उंचावर ठेवा, बादलीत पाणी भरून ठेवू नका, छोट्या चपट्या बॅटऱ्या मुलांच्या हाताला लागू देऊ नका. सगळं बरोबर होतं. अकराव्या पानावर सिस्टरांचा फोटो होता, हातात बाहुली घेऊन हसताना. खाली ओळ होती : 'सरावासाठी आपल्या केंद्रातील बाहुलीचा लाभ घ्यावा.' त्या बुधवारी तीन आयांनी विचारलं, "बाहुली कुठाय?" सिस्टरांनी टॉवेल दाखवला. तिघी पुस्तिकेकडे बघत राहिल्या, मग सिस्टरांकडे. हसतानाचा तो फोटो फाडून टाकावा असं सिस्टरांना वाटलं, पण चारशे पुस्तिकांमधून किती पानं फाडणार?

या वर्गाला एकच विद्यार्थी असा होता जो कधी हसला नाही. तो आजोबा होता.

बाहेर पाटी होती 'मातांसाठी', म्हणून आजोबा पहिल्या दिवशी दारातच थांबले होते. हातात दहा महिन्यांची नात, खांद्याला पिशवी, पिशवीत दुधाची बाटली. त्यांची लेक आणि जावई दोघंही सकाळी आठला कामावर जायचे, आजी चार वर्षांपूर्वी गेलेली, त्यामुळे बबडीची आई, आजी, दाई सगळं काही दिवसभर आजोबाच. "मी माता नाही," ते म्हणाले, "पण सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मीच असतो. बसलो तर चालेल का?" सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही पहिल्या बाकावर बसा."

आजोबांनी एकतीस वर्षं बस चालवली होती आणि एकतीस वर्षांत एकही माणूस त्यांच्या गाडीखाली आला नव्हता. ते याचं श्रेय स्वतःला देत नसत, क्रमाला देत. गाडी सुरू करण्यापूर्वी आधी चाकं, मग ब्रेक, मग आरसे, मग भोंगा. रोज तेच, त्याच क्रमानं. "क्रम चुकला की माणूस चुकतो," असं ते म्हणायचे. वर्गातही त्यांनी छोटी वही आणली आणि सिस्टर जे जे करतील ते आकडे घालून लिहून घेतलं. पाच बुधवार आले, पाचही वेळा टॉवेलवर सगळं करून दाखवलं. तिसऱ्या बुधवारी त्यांनी वही पुढे केली, "सिस्टर, एकदा तपासा. बरोबर आहे ना?" सिस्टरांनी घाईघाईत वाचलं, लाल पेनानं बरोबरची खूण केली आणि खाली 'शाब्बास' लिहिलं. बाहेर लसीची रांग ओरडत होती.

फक्त एक प्रश्न आजोबा दर वेळी विचारायचे. "सिस्टर, जोर किती?"

"चांगला जोरात. पण बेतानं."

"बेतानं म्हणजे किती? ब्रेक किती दाबायचा हे पायाला कळतं, कारण गाडी खाली असते. हा टॉवेल काही बोलतच नाही."

सिस्टर टॉवेलची गुंडाळी पुन्हा घट्ट करायच्या. त्या म्हणायच्या, "बाहुली मागवलीय, आजोबा. येईल." हे वाक्य तिसऱ्यांदा बोलताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली. रात्री अंथरुणावर पडल्या की मनात यायचं, एक दिवस यातल्या कुणाच्या तरी घरी खरंच काहीतरी अडकेल, आणि त्या माणसाच्या हाताला माहीत असेल तो फक्त टॉवेल. त्या दिवसाआधी कपाट उघडलं पाहिजे. मग सकाळी उठून त्या आणखी एक अर्ज लिहायच्या.

सहाव्या बुधवारी आजोबा आले नाहीत.

गुरुवारी दुपारी आले, लेकीबरोबर. सिस्टर लसींचे डबे पुसत होत्या. बबडी लेकीच्या कडेवर होती, टवटवीत, आईच्या ओढणीचं टोक चोखत. आजोबा मात्र दोघींपासून चार हात लांब उभे होते, खांद्याला पिशवी नाही, हात मागे बांधलेले.

"काय झालं?" सिस्टरांनी विचारलं.

लेक म्हणाली, "सगळं ठीक आहे, सिस्टर. मोठ्या दवाखान्यात दाखवून आणलंय, ते म्हणाले काही नाही. पण बाबा कालपासून तिला हात लावत नाहीत. जेवलेसुद्धा नाहीत. तुम्हाला भेटायचंय म्हणाले, म्हणून आले घेऊन."

आजोबा अपघाताचा जबाब द्यावा तसं ठरवून सांगायला लागले. काल सकाळी ते सफरचंद कापून खात होते. बबडी सतरंजीवर खेळत होती. एक छोटी फोड हातातून निसटून खाली पडली. ते वाकून बघेपर्यंत तिनं ती तोंडात घातली. मग ती रडली नाही, खोकली नाही. नुसतं तोंड उघडं.

"मला लगेच कळलं," आजोबा म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतं अगदी तसंच. शेजारच्यांना हाक मारली, फोन करा म्हणून. तिथपर्यंत सगळं बरोबर. मग मी बाथरूममध्ये गेलो."

"बाथरूममध्ये?"

"टॉवेल आणायला."

सिस्टरांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"टॉवेल आणला. दोन घड्या घातल्या. गुंडाळी केली. रबरबँड सापडेना म्हणून तसाच घेतला. डाव्या हातावर पालथा. आणि मारला फटका. पहिला फटका मी टॉवेलला मारला, सिस्टर. पोरगी समोर सतरंजीवर निळी पडत होती आणि मी टॉवेलला मारत होतो."

लेकीला हे माहीत नव्हतं. ती वडिलांकडे बघत राहिली आणि तिनं बबडीला घट्ट धरलं.

"मग भानावर आलो. फेकला टॉवेल, तिला उचललं. पहिले तीन फटके हळू बसले. हात उठेचना. एवढीशी पाठ. तेव्हा वाटलं, आता जोर नाही लावला तर ही जाते. चौथा कमी होता का बरोबर ते कळलं नाही. पाचवा लावला आणि फोड बाहेर आली." त्यांनी खिशातून वही काढून टेबलावर ठेवली. "एकतीस वर्षांत असं कधी झालं नाही. मी क्रमानं गेलो. तरी चुकलं. आता मी एकटा तिच्याजवळ थांबणार नाही. लेकीला म्हटलंय, दुसरं कुणी बघ."

सिस्टरांनी वही उघडली. सुरेख, सरळ अक्षर. '१. हाक मारणे. २. टॉवेल घेणे. ३. दोन घड्या घालणे. ४. गुंडाळी करणे. ५. डाव्या हातावर पालथे घेणे.' बाजूला लाल खूण आणि खाली त्यांच्याच अक्षरात 'शाब्बास'.

त्या खुर्चीवर बसल्या. आजोबांनी जे पाहिलं तेच लिहिलं होतं. पाच बुधवार सिस्टरांनी दुसरं दाखवलं काय होतं? वर त्यावर सही केल्यासारखी खूणही केली होती. "तुमचं नाही चुकलं, आजोबा," त्या म्हणाल्या. "तुम्ही पाठ बरोबर केला. पाठच टॉवेलचा होता."

मग तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या उठल्या, वही घेतली आणि तीस पावलांऐवजी वीस पावलांत केबिनशेजारच्या भांडारात पोहोचल्या. मागोमाग आजोबा, आणि त्यांच्यामागे बबडीला घेऊन लेक.

कुलूपराव टेबलाच्या काचेखालचा आपल्या बोडक्या नातवाचा फोटो सरळ करत होते. सिस्टरांनी वही त्यांच्यासमोर आपटली. "वाचा."

कुलूपरावांनी वाचलं. आजोबांनी तोच जबाब पुन्हा दिला, एकही शब्द कमी-जास्त न करता. कुलूपरावांचा चेहरा उतरला, पण किल्लीकडे हात काही गेला नाही. "फार वाईट झालं. म्हणजे, चांगलं झालं, वाचली. मी आजच वर स्मरणपत्र पाठवतो. नमुना मंजूर होऊन आला की लगेच..."

"किल्ली द्या."

"सिस्टर, केबिनला कुलूप आहे. मोठे डॉक्टर दौऱ्यावर. मी किल्ली दिली तरी तुम्ही आत जाणार कशा?"

बाहेर व्हरांड्यात सफाईवाली मावशी पोछा मारत होती. ती थांबली. "केबिन? थांबा, उघडते," ती म्हणाली, आणि पदराच्या गाठीतून किल्ली काढली.

सिस्टर वळल्या. "मावशी, तुमच्याकडे किल्ली आहे?"

"रोज सकाळी झाडू कोण मारतं मग, वारा? दीड वर्ष त्या बाहुलीच्या काचेवरची धूळ पुसतेय मी. मला कुणी विचारलं का कधी?"

कुणीच विचारलं नव्हतं. सात अर्जांमध्ये मावशीचं नाव कुठेच आलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं सिस्टर स्वतःशीच पुटपुटल्या आणि केबिनमध्ये शिरल्या.

कपाटाला भलंमोठं कुलूप होतं. कुलूपराव दारात उभे राहून म्हणाले, "मोठ्या डॉक्टरांच्या सहीशिवाय मी ही किल्ली काढणार नाही. मला क्षमा करा, पण नाही काढणार." आजोबांनी एकदा कपाटाकडे पाहिलं, बसच्या दिवसांपासून खिशात असणारा छोटा पेचकस काढला आणि दाराच्या दुसऱ्या बाजूला गेले. "साहेब, तुमचं कुलूप शाबूत राहील," ते म्हणाले. "मी फक्त बिजागरी काढतोय." चार स्क्रू निघाले, काचेचं दार कुलपासकट उलट्या बाजूनं उघडलं, आणि सिस्टरांनी बाहुली बाहेर घेतली.

प्लॅस्टिक तिच्या अंगाला चिकटलं होतं. ते सोलून काढावं लागलं. आत रबर पिवळं आणि चिकट झालेलं. सिस्टरांनी तिचं तोंड उघडून उजेडाकडे धरलं. पाहुण्यांच्या वेळचा गोळा अजून घशातच होता. समारंभानंतर कुणी काढलाच नव्हता.

"द्या इकडे," आजोबा म्हणाले. त्यांनी बाहुली हातावर पालथी घेतली, डोकं खाली केलं आणि पाच फटके मारले. खोली दणाणली. गोळा हलला नाही. उताणी करून छाती दाबली. परत पाच. परत छाती. त्यांच्या कपाळावर घाम आला, पण ते थांबेनात. शेवटी सिस्टरांनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या, आजोबा. वितळून चिकटलाय तो. आता नाही निघणार."

"म्हणजे ही मेली," आजोबा म्हणाले.

मग कुलूपरावांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आता याचा खुलासा कोण देणार?"

सिस्टर फिरल्या. अठरा महिन्यांचं सगळं एकदम बाहेर आलं. "मी देते! लिहून घ्या. बाहुलीला ओरखडा पडू नये म्हणून आपण तिला दीड वर्ष जपलं. घशात गोळा ठेवून जपलं. एकाही आईचा हात तिला लागू दिला नाही, आणि ती जागच्या जागी सडली. आणि तिकडे एक माणूस टॉवेलला फटके मारत होता. लिहा हे तुमच्या नमुन्यात. मंजूर करून आणा वरून!" त्यांना रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला. मावशीनं त्यांना बाहेर नेलं आणि पाणी दिलं.

निघताना आजोबा दारात थांबले. "बाहुली गेली," ते म्हणाले, "पण जोर किती लागतो ते आता मला माहीत आहे, सिस्टर. नको त्या मार्गानं कळलं, पण कळलं."

सिस्टरांनी डोळे पुसले. "बुधवारी या," त्या म्हणाल्या.

पुढच्या बुधवारी दारावरची 'मातांसाठी' ही पाटी गायब होती. तिच्या जागी सिस्टरांच्या हातचा कागद होता : 'जो कुणी मूल सांभाळतो त्या प्रत्येकासाठी'. याचीही परवानगी घेतलेली नव्हती. बाकांवर नेहमीच्या आया होत्या, दोन आज्या, एक मामा, आणि रजा टाकून आलेली आजोबांची लेक, मांडीवर बबडी. मावशी पोछ्याची बादली घेऊन कोपऱ्यात उभी होती. टेबलावर टॉवेल नव्हता.

सिस्टर म्हणाल्या, "पहिलं काम. मूल उचला. कुणाला हाक मारायची ती उचलता उचलता मारा. काही आणायला जाऊ नका. काही शोधू नका. तुमच्या हातांशिवाय काही लागत नाही." हेच त्यांनी तीन वेळा सांगितलं आणि तीन वेळा वदवून घेतलं. कुणी हसलं नाही.

मग आजोबा उठले आणि घडलेलं सगळं सांगितलं, टॉवेलसकट. सांगून झाल्यावर त्यांना मूल हातावर कसं धरायचं ते दाखवायचं होतं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. दाखवायला काहीच नव्हतं. ते अवघडून उभे राहिले, हात रिकामे.

लेक उठली. "धरा," ती म्हणाली, आणि बबडीला पुढे केलं.

"नको. मी नाही..."

"बाबा, नुसतं धरून दाखवायचंय. धरा."

आजोबांनी आठ दिवसांत पहिल्यांदा नातीला घेतलं. डाव्या हातावर पालथी, हनुवटी बोटांच्या आधारानं, डोकं खाली. बबडीला वाटलं खेळ चाललाय, ती खालच्या फरशीकडे बघून हसायला लागली. आजोबांनी हनुवटीखालची बोटं एकदा नीट केली. "असं," ते म्हणाले. "आणि जोर मी तुम्हाला दाखवतो. हिच्यावर नाही. तुमच्या हातावर. उगाच सराव म्हणून खऱ्या मुलाला कधी मारायचं नाही."

बबडीला कडेवर घेऊन ते बाकांपुढून फिरले. प्रत्येकानं तळहात पुढे करायचा आणि त्यावर ते एक फटका द्यायचे, मनगटाजवळच्या भागानं, ठाम. "आई गं!" असं प्रत्येकीच्या तोंडून निघत होतं, आणि प्रत्येकीला ते सांगत होते, "यापेक्षा कमी नको." मग तिनं तोच फटका त्यांच्या हातावर परत मारून दाखवायचा. कमी पडला की "परत". त्यांचा तळहात लाल झाला होता.

इतक्यात किल्ल्यांचा आवाज आला. कुलूपराव आज मुख्य कार्यालयात गेले नव्हते. ते दारात उभे होते, हातात सिस्टरांच्या नावाचा लिफाफा. विनापरवाना कपाट उघडल्याबद्दल आणि शासकीय वस्तूची नासाडी झाल्याबद्दल सात दिवसांत खुलासा द्यावा, असं त्यात असणार हे सिस्टरांना न उघडताच कळलं. आजोबा रांगेत पुढे सरकत दारापाशी पोहोचले. त्यांनी लिफाफा पाहिलाच नाही.

"हात पुढे करा," ते म्हणाले.

"मी... मी फक्त हे द्यायला..."

"हात पुढे करा, साहेब."

कुलूपरावांनी लिफाफा डाव्या हातात घेतला आणि उजवा पुढे केला. फटका असा बसला की कमरेच्या किल्ल्या वाजल्या. अठरा महिने जे आपल्या हातून व्हावं असं सिस्टरांना रोज वाटत होतं, ते आजोबांच्या हातून झालं, पण सिस्टरांना वाटला होता तेवढा आनंद काही झाला नाही. कारण कुलूपराव आपल्या लाल तळहाताकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा त्यांच्या टेबलावरच्या फोटोतल्या नातवासारखाच उघडा पडला होता.

"एवढ्या जोरात?" ते म्हणाले. "एवढ्याशा जिवाला?"

"एवढ्याच. मी आधी तीन वेळा कमी मारले होते."

कुलूपरावांनी लिफाफा काखेत धरला आणि हात तसाच पुढे ठेवला.

"परत एकदा दाखवा," ते म्हणाले. "माझ्या लक्षात राहायला पाहिजे."